असतं, पण दाखवता येत नाही: संभाव्यतेच्या आणि टोकाच्या गणिताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या घराच्या ओसरीवर रविवारी सकाळी गणिताची बैठक भरते. बी.एस्सी.ची मुलं येतात, एम.एस्सी. करणाऱ्या दोघी-तिघी येतात, इंजिनिअरिंगला जाऊनही गणिताची चटक न सुटलेले काही जण येतात. शिवाय मुलांना सोडायला आलेले आणि तर्री-पोह्यांसाठी थांबलेले पालक. मी निवृत्त प्राध्यापिका. बरेच रविवार आम्ही एकाच विषयात अडकलो आहोत: कॉम्बिनेटोरिक्समधल्या, म्हणजे मोजण्या-मांडण्यांच्या गणितातल्या, संभाव्यतेच्या पद्धती आणि टोकाचे प्रश्न. नवीन माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

मॅडम, हे बारावीतलं परम्युटेशन-कॉम्बिनेशनच ना?

मुळं तिथलीच. पण बारावीत एकच प्रश्न असतो: किती? सात जणांना गोल टेबलाभोवती किती प्रकारे बसवता येईल, वगैरे. इथे त्याच्या पुढचे दोन प्रश्न आहेत. पहिला: एखादी गोष्ट किती मोठी झाली की तिच्यात अमुक नक्षी टाळताच येत नाही? दुसरा: इतकी मोठी असूनही ती नक्षी टाळता येते का? पहिल्याला टोकाचा प्रश्न म्हणतात, इंग्रजी पुस्तकांतला ‘एक्स्ट्रीमल’. दुसऱ्याचं उत्तर पुष्कळदा नाणं उडवून मिळतं. हे दोन्ही प्रश्न एकाच भिंतीच्या दोन बाजू आहेत, आणि भिंत नेमकी कुठे आहे हे बहुतेक ठिकाणी कुणालाच ठाऊक नाही. सगळी गंमत तिथेच आहे.

सहा जणांचं कोडं नेमकं काय आहे?

पोह्याच्या ठेल्यावर सहा जण उभे आहेत. प्रत्येक जोडी एकमेकांना ओळखते किंवा ओळखत नाही. तर त्यांच्यात असे तिघं नक्की सापडतात की जे सगळे एकमेकांना ओळखतात, किंवा तिघंही एकमेकांना अनोळखी असतात. कोणीही येऊ दे, कुठूनही येऊ दे.

सिद्धता पोहे संपायच्या आत होते. एकीला बाजूला घ्या, तिचं नाव सुधा. उरलेल्या पाचांपैकी किमान तिघं सुधाच्या ओळखीचे असतील, नाहीतर किमान तिघं अनोळखी. समजा तिघं ओळखीचे आहेत. त्या तिघांतले कोणतेही दोघं एकमेकांना ओळखत असतील तर ते दोघं आणि सुधा असं त्रिकूट झालं. कोणीच कोणाला ओळखत नसेल तर ते तिघंच अनोळखींचं त्रिकूट. अनोळखीची बाजूही अशीच. पाच जणांत मात्र हे टाळता येतं: पाचांना गोलात उभं करा, प्रत्येक जण फक्त शेजारच्या दोघांना ओळखतो असं धरा आणि तपासा.

म्हणजे तिघांसाठी उत्तर ६. चौघांसाठी १८, हे १९५५ साली ग्रीनवुड आणि ग्लिसन यांनी दाखवलं. पाचांसाठी? ४३ ते ४६ च्या मधलं काहीतरी. बस. नवीन मुलांना वाटतं मी गंमत करतेय. संगणक आहेत ना, सगळ्या शक्यता तपासा की! पण ४३ माणसांच्या जोड्या ९०३ होतात आणि त्यांच्या शक्यता २ चा ९०३ वा घात. विश्वातले अणू मोजले तरी तो आकडा त्यापुढे काहीच नाही.

या आकड्यांना रॅमसे संख्या म्हणतात. फ्रँक रॅमसे यांचा मूळ निबंध १९३० साली छापून आला, त्याच वर्षी ते वारले. वय २६.

मॅडम, असतं म्हणता, तर दाखवत काऊन नाही?

हा प्रश्न वर्ध्याहून येणाऱ्या एका मुलाने अगदी याच शब्दांत विचारला होता, म्हणून तसाच ठेवला आहे. या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

अकरा माणसं घ्या. प्रत्येक जोडीसाठी एक नाणं उडवा: छापा आला तर ओळख, काटा आला तर अनोळख. आता अकरांतून पाचांचे गट किती? ४६२. एका गटात जोड्या दहा. त्या दहाही जोड्यांवर सारखंच पडण्याची संभाव्यता म्हणजे १०२४ मधले २, अर्थात ५१२ मधला १. तेव्हा ‘एकरंगी’, म्हणजे सगळ्या जोड्यांवर सारखंच पडलेल्या, गटांची सरासरी संख्या ४६२ भागिले ५१२. एकपेक्षा कमी.

इथे थांबा, घाई करू नका. सरासरी एकपेक्षा कमी आहे. गटांची संख्या मात्र पूर्णांकच असते: शून्य, एक, दोन. प्रत्येक वेळी किमान एक गट निघत असता तर सरासरी एकच्या खाली गेलीच नसती. म्हणून नाणेफेकीचा निदान एक निकाल असा आहेच की ज्यात एकही एकरंगी गट नाही. सिद्धता संपली. मी एकही मांडणी दाखवली नाही.

हंगेरीचे गणिती पॉल एर्डोश यांनी १९४७ साली हा युक्तिवाद कोणत्याही गटसंख्येसाठी मांडला. गट क जणांचा असेल तर २ चा क/२ वा घात इतकी माणसं एकरंगी गटाशिवाय बसवता येतात. क जागी २० ठेवा: १०२४ माणसं. इथे मी स्वतः एकदा हिशोब केला तेव्हा खुर्चीत सरळ बसले. १०२४ माणसांसाठी नाणी उडवली तर वीस जणांचा एखादा एकरंगी गट निघण्याची संभाव्यता, एकावर पंधरा शून्यं ठेवली तर त्यातल्या एकाहूनही कमी आहे. म्हणजे चांगली मांडणी दुर्मीळ नाहीच. जवळपास प्रत्येक मांडणी चांगली आहे! आणि तरीही, नाणं न उडवता, नियम सांगून, प्रत्येक क साठी इतकी चांगली मांडणी बांधून देणं आजवर कोणाला साधलेलं नाही. कळमन्याच्या बाजारात हंगामात संत्री घ्यायला जावं, चहूकडे संत्र्यांचे ढीग दिसावेत, आणि हात घालावा तेव्हा हाती लिंबूच यावं, तसं आहे हे.

पण नाणं उडवून मिळालेली गोष्ट सिद्धता कशी? उद्या काटा पडला तर?

काहीच होत नाही, कारण नाणं कोणी उडवतच नाही. संभाव्यता ही इथे फक्त मोजण्याची भाषा आहे. ‘संभाव्यता एकपेक्षा कमी’ याचा अर्थ इतकाच की वाईट मांडण्या एकूण मांडण्यांपेक्षा कमी आहेत. हवं तर सगळी सिद्धता संभाव्यतेचा शब्द न वापरता लिहिता येते, फक्त ती वाचवत नाही.

मी विद्यार्थिनी असताना एका तोंडी परीक्षेत हा युक्तिवाद फळ्यावर लिहिला होता. परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे गणित आहे, लॉटरी नाही.” गुण गेले. मला राग गुणांचा नव्हता. मला तेव्हा पटवून देता आलं नाही, ते सलत राहिलं. आता ज्या शांतपणे सांगते ना, त्यामागे ती दुपार आहे.

सरासरीचा हा खेळ आणखी कुठे चालतो?

महालातल्या जुन्या वाड्याचं उदाहरण आमच्याकडे नेहमी निघतं. वाड्यात वीस बिऱ्हाडं, आणि भांडणाऱ्या जोड्यांची यादी मालकाजवळ आहे. त्याला बिऱ्हाडं पुढच्या चौकात आणि मागच्या चौकात अशी वाटायची आहेत, म्हणजे निदान अर्धी भांडणं तरी वेगवेगळ्या चौकांत जातील. जमेल का? नेहमीच जमेल. प्रत्येक बिऱ्हाडासाठी नाणं उडवा. भांडणारी प्रत्येक जोडी विभागली जाण्याची संभाव्यता अर्धी, म्हणून सरासरी अर्धी भांडणं तुटतात. आणि कोणतीतरी वाटणी सरासरीइतकी तरी असतेच.

इथे मात्र दाखवताही येतं. एकेक बिऱ्हाड घ्या आणि आधी बसलेल्यांपैकी ज्या चौकात त्याचे वैरी कमी तिथे टाका. प्रत्येक पायरीवर निदान अर्धी भांडणं तुटतात, तेव्हा शेवटीही तुटतात. नाण्याशिवाय तेच उत्तर. म्हणजे ‘असतं’ आणि ‘दाखवता येतं’ यांच्यातली दरी सगळीकडे सारखी नाही. कुठे एका उडीची आहे, कुठे शंभर वर्षांची.

टोकाचा प्रश्न म्हणजे मग नेमका कसा?

सर्वात जुना आणि सर्वात देखणा नमुना १९०७ सालचा, मँटेल यांचा. दहा माणसं आहेत. एकमेकांना ओळखणाऱ्या तिघांचं त्रिकूट होऊ द्यायचं नाही. ओळखीच्या जास्तीत जास्त जोड्या किती? २५. पाच-पाचांचे दोन पंगतीसारखे गट करा, समोरच्या पंगतीतल्या प्रत्येकाला ओळखा, आपल्या पंगतीतल्या कोणालाच नाही.

२६ का नाही? ज्याच्या ओळखी सर्वात जास्त त्याला धरा. त्या ओळखी द मानू. त्याचे द ओळखीचे लोक आपसात अनोळखी असणार, नाहीतर त्रिकूट होईल. म्हणून ओळखीच्या प्रत्येक जोडीतला निदान एक जण उरलेल्या १० वजा द माणसांत सापडतो, आणि त्या प्रत्येकाच्या ओळखी जास्तीत जास्त द. गुणाकार करा: द गुणिले १० वजा द. हा गुणाकार २५ च्या वर जात नाही. मी हे दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी मला ते नव्याने आवडतं.

पॉल तुरान यांनी १९४१ साली त्रिकुटाच्या जागी कितीही जणांचा गट घेऊन हाच प्रश्न सोडवला. त्या काळात हंगेरीत ज्यू पुरुषांना सक्तीच्या मजुरीला धाडत होते, तुरानही त्यात होते. १९४४ साली बुडापेस्टजवळच्या वीटभट्टीत ते ढकलगाड्या ओढत. भट्टीपासून कोठारापर्यंत रूळ, आणि दोन रूळ एकमेकांना छेदत तिथे गाडी अडखळून विटा पडत. प्रत्येक भट्टी प्रत्येक कोठाराला जोडायची तर कमीत कमी किती छेद येतील, असा प्रश्न त्यांना तिथे पडला. तो आजही पूर्ण सुटलेला नाही. कामठी रोडने जाताना वीटभट्टीचा धूर दिसला की मला हाच प्रश्न आठवतो.

माणसांच्या जागी बिंदू आणि ओळखींच्या जागी रेघा काढल्या की त्रिकूट ही टाळायची, म्हणजे निषिद्ध, आकृती होते. पुढे १९४६ साली एर्डोश आणि स्टोन यांनी जवळजवळ सगळ्या निषिद्ध आकृत्यांसाठी उत्तराचा ढोबळ आकार सांगितला. अपवाद दोन पंगतींत मावणाऱ्या आकृत्यांचा. आठ बाजूंचं बंद वर्तुळ, म्हणजे आठ रेघांनी फिरून पुन्हा मूळ बिंदूवर येणारी वाट, टाळायचं असेल तर जास्तीत जास्त किती रेघा, याची नुसती वाढीची गतीसुद्धा अजून कळलेली नाही. चार, सहा आणि दहा बाजूंची कळली आहे. आठाने काय घोडं मारलं कोण जाणे.

संभाव्यता आणि टोकाचे प्रश्न एकत्र येतात कुठे?

इथे शेतकऱ्यांची मुलं माझ्या आधी समजतात. कपाशी दाट पेरतात, मग विरळणी करतात. एर्डोश यांनी १९५९ साली तेच केलं.

प्रश्न रंगांचा होता. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, म्हणजे ग्राफ. रेघेने जोडलेल्या दोन बिंदूंना वेगळे रंग द्यायचे. ग्राफमध्ये लहान वर्तुळं नसतील तर कुठल्याही बिंदूपाशी उभं राहून आसपास पाहिलं की नुसतं झाड दिसतं, फांद्या फुटत गेलेलं. झाडाला दोन रंग पुरतात. मग सगळ्या ग्राफलाही थोडेच रंग पुरावेत, असं कोणालाही वाटेल. एर्डोश म्हणाले, नाही: लहान वर्तुळं एकही नसताना हजार रंग लागतील असा ग्राफ असतो. छापा क्वचितच पडेल अशी नाणी उडवून ग्राफ बनवा. त्यात लहान वर्तुळं येतील, पण थोडीच. प्रत्येकातला एकेक बिंदू उपटून टाका. उरलेल्या शेतात एकमेकांना न जोडलेल्या बिंदूंचा मोठा गट सापडत नाही, म्हणून रंग भरमसाट लागतात. नऊ वर्षांनी, १९६८ साली, विशीतल्या लास्लो लोवास यांनी नाण्याशिवाय असा ग्राफ बांधून दाखवला. त्यांना २०२१ साली गणितातलं आबेल पारितोषिक मिळालं, अवी विग्डरसन यांच्यासोबत विभागून.

लोकल लेमा इतका गाजतो तो कशासाठी?

कारण आतापर्यंतची युक्ती गर्दीत हरते. एका शाळेत दहा-दहा मुलांचे संघ आहेत: कबड्डी, लेझीम, नाटक, काय काय. एकच मूल अनेक संघांत. प्रत्येक मुलाला भगवी किंवा पांढरी टोपी द्यायची, आणि प्रत्येक संघात दोन्ही रंग दिसले पाहिजेत. एक संघ एकरंगी निघण्याची संभाव्यता ५१२ मधली एक. संघ ५११ पर्यंत असतील तर वरचा हिशोब पुरतो. संघ दहा लाख असतील तर? सरासरी दोन हजारांच्या घरात जाते आणि युक्तिवाद कोसळतो.

इथे लोकल लेमा कामी येतो (लेमा म्हणजे मोठ्या सिद्धतेत वापरायचं छोटं प्रमेय). एर्डोश आणि लोवास यांनी १९७५ साली सांगितलं की एकूण संघ मोजूच नका, एक संघ किती संघांना चिकटलेला आहे तेवढं पाहा. या उदाहरणात प्रत्येक संघाची मुलं जास्तीत जास्त १८७ इतर संघांत असतील तर टोप्या नक्की वाटता येतात, मग संघ दहा लाख असोत की दहा कोटी. दूरदूरच्या अडचणी एकमेकींना माहीत नसतात, म्हणून सगळ्या एकदम टळण्याला थोडी का होईना जागा उरते. ती जागा इतकी लहान असते की आंधळेपणाने नाणी उडवून ती कधीच हाती लागणार नाही. पस्तीस वर्षं तीच अडचण होती. २०१० साली रॉबिन मोझर आणि गाबोर तार्दोश यांनी छापलेला उपाय ऐकून लोक हसतात: जो संघ एकरंगी निघाला त्याच्या दहा मुलांच्या टोप्या पुन्हा नाणं उडवून बदला. पुन्हा कोणी बिघडला तर त्याच्याही. हे लवकरच थांबतं, आणि थांबतं हे सिद्ध करता येतं.

यादृच्छिक ग्राफचा आपल्या शहराशी काही संबंध लावता येईल का?

लावू, पण मीठ घालून घ्या. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. यादृच्छिक ग्राफ म्हणजे नाणी उडवून बनवलेला. समजा ओळखी नाण्याने ठरतात, फक्त छापा फार क्वचित पडतो. माणशी सरासरी ओळख एकपेक्षा कमी असेल तर शहर लहानलहान तुकड्यांत विखुरलेलं राहतं. सरासरी एकच्या वर सरकली की अचानक एक महाकाय तुकडा तयार होतो, आणि सरासरी दोन झाली की शहराचे जवळपास ८० टक्के लोक त्या एकाच तुकड्यात असतात. शेवटचा एकटा माणूसही जोडला जायला मात्र सरासरी साधारण १५ लागते. एर्डोश आणि आल्फ्रेड रेनी यांनी १९५९-६० मध्ये हे उंबरठे शोधले.

खऱ्या ओळखी नाण्याने ठरत नाहीत, त्या गल्लीने, जातीने, शाळेने, मेट्रोच्या डब्याने ठरतात. म्हणून हा शहराचा नकाशा नाही. उंबरठा किती अचानक येतो, तेवढं यातून घ्यावं.

गेल्या काही वर्षांत खरंच काही मोठं घडलं आहे का?

भरपूर. मला सर्वात जास्त हलवून गेलेल्या दोनच गोष्टी सांगते.

पहिली मार्च २०२३ ची. रॅमसे संख्येची वरची मर्यादा एर्डोश आणि सेकेरेश यांनी १९३५ साली दिली होती: ४ चा क वा घात. खालची मर्यादा वर सांगितलेली, म्हणजे √२ चा क वा घात. खालच्या बाजूला १९४७ नंतर पाया हललेला नाही. १९७५ साली जोएल स्पेन्सर यांनी आकडा फक्त दुप्पट केला, आणि इतक्या मोठ्या घातापुढे दुप्पट म्हणजे काहीच नाही. वरच्या बाजूचा ४ देखील जवळपास नव्वद वर्षं तसाच होता. मग कांपोस, ग्रिफिथ्स, मॉरिस आणि सहस्रबुद्धे या चौघांनी तो ४ पेक्षा किंचित खाली आणला. शेवटचं नाव वाचल्यावर आमच्या ओसरीवर जी कुजबुज झाली ती तुम्ही कल्पू शकता. एका काकांनी तर लगेच ‘कोणते सहस्रबुद्धे?’ असं विचारलं. ज्युलियन सहस्रबुद्धे केंब्रिजला असतात, एवढं सांगून मी पुढे गेले. पुढच्याच वर्षी इतरांनी तो पाया ३.८ पर्यंत उतरवला. √२ आणि ३.८ यांच्यात नेमकं काय आहे, ते अजून उघडंच.

दुसरी २०२२ ची. यादृच्छिक ग्राफमध्ये एखादी नक्षी कधी उमटू लागते, याचा उंबरठा एका साध्या हिशोबाच्या फार दूर नसतो, अशी अटकळ काह्न आणि कलाई यांनी २००६ साली मांडली होती. ती इतकी धाडसी होती की मांडणाऱ्यांनाही ती खोटी ठरेल असं वाटे. जिनयंग पार्क आणि हुय तुआन फाम यांनी ती सहा पानांत सिद्ध केली. जिनयंग पार्क संशोधनात येण्याआधी कोरियात शाळेत गणित शिकवत होत्या. बैठकीतल्या दोन शिक्षिका हे ऐकून काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या रविवारपासून वही आणू लागल्या.

म्हणजे सगळं नाण्यावरच चालतं?

छे. २०१६ साली, प्रत्येक मितीत तीनच जागा असलेल्या अवकाशात तीन बिंदू एका रेषेत न आणता किती बिंदू ठेवता येतील, या जुन्या प्रश्नावर एलेनबर्ग आणि हेइस्वाइट यांनी नवी मर्यादा दिली, आणि ती निव्वळ बहुपदींच्या बळावर. २०१९ साली हाओ हुआंग यांनी तीस वर्षांचा एक प्रश्न आव्यूहांच्या (मॅट्रिक्सच्या) साध्या गुणधर्मांनी दोन पानांत मिटवला. दोन्हीकडे नाण्याचा पत्ता नाही. संभाव्यता हे पहिलं हाती घ्यायचं हत्यार आहे, एकमेव नाही.

संगणक, एआय हे सगळं सोडवून टाकेल का?

मदत करतात. पाचांच्या रॅमसे संख्येची ४६ ही वरची मर्यादा संगणकाच्या अवाढव्य तपासणीतून आली आहे. वर सांगितलेल्या ‘तीन एका रेषेत नको’ प्रश्नात आठ मितींसाठी ५१२ बिंदूंची मांडणी २०२३ साली गूगलच्या डीपमाइंडच्या एका एआय प्रणालीने शोधली, आधी ४९६ ची माहीत होती. यातलं दुसरं काम उदाहरण शोधण्याचं आहे, म्हणजे ‘दाखवा’ या बाजूचं. तिथे यंत्राचा उपयोग होणं साहजिक आहे.

या विषयाशी नागपूरचा काही संबंध?

आहे, आणि नागपूरकरांनाच तो ठाऊक नसतो याचं मला वाईट वाटतं.

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा, तेव्हा ते मध्य प्रांतात होतं आणि नागपूर राजधानी. शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात, आणि पुढे तिथेच त्यांनी शिकवलंही. १९५० साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राज चंद्र बोस यांच्या हाताखाली डॉक्टरेट.

आता गोष्ट १७८२ पासून. ऑयलर यांनी विचारलं: सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी आणले, तर ते ६ बाय ६ च्या चौकोनात असे उभे करता येतील का, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच येईल? त्यांना जमलं नाही. त्यांनी अटकळ बांधली की ६, १०, १४, १८ अशा, चाराने भागल्यावर बाकी दोन उरणाऱ्या, कोणत्याच आकाराला हे जमणार नाही. सहासाठी ते बरोबर होते, १९०० च्या सुमारास गॅस्तों तारी या फ्रेंच माणसाने हाताने तपासून ते सिद्ध केलं. त्यांचं नाव घेतलं की आमच्याकडे कोणीतरी हमखास तर्री मागतं. पण १९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौकोन बांधून दाखवला, अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा, आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की सहाच्या पुढे अटकळ प्रत्येक ठिकाणी खोटी आहे. २६ एप्रिल १९५९ ला ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती. तिघांना ‘ऑयलरचा खेळ बिघडवणारे’ असं नाव पडलं.

त्याच वर्षीचा श्रीखंडे ग्राफ मुलांना काढायला देते. बिंदू १६, प्रत्येकाला सहा रेघा, कोणत्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी बरोबर दोन. ४ बाय ४ च्या बुद्धिबळपटावर हत्तीच्या चालींनी जो ग्राफ होतो त्याचे आकडेही नेमके हेच, तरी दोन्ही ग्राफ वेगळे. आकड्यांवरून माणूस ओळखता येत नाही, तसा ग्राफही.

श्रीखंडे यांचं काम बांधून दाखवण्याचं होतं, बीजगणिताच्या विटांनी. म्हणून मी या पानावर त्यांना मुद्दाम आणते. त्यांच्या क्षेत्रातला एक मूळ प्रश्न स्टाइनर यांच्या १८५३ च्या निबंधापासून चालत आला: काही वस्तूंचे गट असे करायचे की कोणत्याही ठरावीक संख्येच्या वस्तू नेमक्या एकाच गटात एकत्र येतील. दोन वस्तूंसाठी, तीनसाठी पुष्कळ रचना बांधल्या गेल्या. पाचच्या पुढे, एखाद्या क्षुल्लक अपवादाशिवाय, एकही माहीत नव्हती. व्होइटेक रोड्ल यांनी १९८५ साली ‘कुरतडण्याची’ पद्धत आणली: एकदम सगळं भरायचं नाही, थोडे गट यादृच्छिक उचलायचे, उरलेलं पाहायचं, पुन्हा थोडे उचलायचे. त्याने जवळजवळ सगळं भरतं, काही फटी उरतात. २०१४ साली पीटर कीव्हॅश यांनी नाणं आणि बीजगणित एकत्र आणून त्या फटीही बुजवल्या. आधी बीजगणिताने बांधलेला एक साठा राखून ठेवायचा, आणि शेवटी बिघाड दुरुस्त करायला तो वापरायचा. श्रीखंडे तेव्हा ९६ वर्षांचे होते. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षात, ते गेले.

याला स्कोप काय? (पालकांचा प्रश्न, पोहे खाताना)

विचारणं चूक नाही, मीही आई आहे. एकच गोष्ट सांगते. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी दाखवलं की गोंगाटाच्या तारेतूनही एका मर्यादेपर्यंत जवळपास बिनचूक संदेश पाठवता येतो. सिद्धता हीच: संकेत, म्हणजे संदेश लिहायचा कोड, नाण्याने निवडा, सरासरी काढा, चांगला संकेत असतोच. कोणता? ते त्यांनी सांगितलं नाही. इंजिनिअर पुढे कित्येक दशकं तो शोधत राहिले. १९९३ साली टर्बो संकेत आले, त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेले. मग १९६० च्या दशकापासून विसरलेले गॅलेगर यांचे संकेत पुन्हा वर काढले गेले, आणि २००९ साली एर्दाल आरिकान यांनी ध्रुवीय संकेत छापले, जे मर्यादेपर्यंत पोहोचतात हे सिद्धही झालं. आज तुमच्या फाइव्ह-जी मोबाइलमध्ये शेवटचे दोन्ही आहेत. नोकऱ्या अल्गोरिदममध्ये आहेत, संकेतशास्त्रात आहेत, डेटाच्या कामात आहेत. निव्वळ या विषयाच्या जागा थोड्या आहेत, हे खोटं बोलणार नाही.

शिकायचं तर सुरुवात कुठून?

दहावी-अकरावीत असाल तर गणित ऑलिंपियाडचे प्रश्न सोडवा, त्यात या विषयाचा वाटा चांगला असतो. बारावीनंतर भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट यांच्या प्रवेश परीक्षा आहेत. नागपूर सोडता येत नसेल तर इथल्या विद्यापीठात किंवा व्हीएनआयटीत एम.एस्सी. करूनही पुढे जाता येतं. पूर्वतयारी फार लागत नाही: द्विपद गुणक, गणिती विगमन, अपेक्षित मूल्य, आणि १ वजा क्ष हे ई च्या उणे क्ष घातापेक्षा मोठं नसतं ही एक असमता. ती शेकडो वेळा वापराल.

घरी करून पाहण्यासारखं काही?

वर सांगितलेलं अकरा माणसांचं. ५५ जोड्या, ५५ नाणेफेकी, मग पाचांचे ४६२ गट तपासा. आमच्यातल्या एकीने केलं. पहिल्या फेरीत दोन एकरंगी गट निघाले, फाडून टाकलं. दुसऱ्या फेरीत एकही नाही, तपासायला आठवडा गेला. तिने तक्ता ओसरीच्या भिंतीवर चिकटवला. पुढच्या रविवारी वर्ध्याच्या मुलाने तिची यादी मोजली तर एक गट दोनदा लिहिलेला आणि एक राहून गेलेला. राहिलेला गट सगळ्यांनी मिळून तपासला, सातव्याच जोडीवर रंग बदलला.